उपवासाच्या इडलीची सुनावणी

आषाढी एकादशीला आमच्या घरी साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, उकडलेली रताळी आणि बटाट्याचा चिवडा, एवढ्यावरच भागवतात. बाकी कडकडीत उपवास. त्यात यंदा लेकीनं मोबाईलवर वरीच्या इडलीचा व्हिडिओ दाखवला. "सोप्पी आहे आई, बघ." व्हिडिओतल्या स्वयंपाकघरात सासूबाई कुठंच दिसत नव्हत्या. सोप्पीच असणार.

वाटीभर वरी आणि पाव वाटी साबुदाणा चार-पाच तास भिजवायचा आणि आंबट दह्यात वाटायचा. पण वाटायचा कशात? कोल्हापुरातल्या मिक्सरच्या भांड्यात कांदा-लसूण चटणीचा वास असा मुरलेला असतो की नुसतं पाणी फिरवलं तरी वर कट यावा. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, भांडं हुंगलं आणि म्हणाल्या, "हे चालायचं न्हाई." लिंबाची सालं झाली, गरम पाणी झालं, पुन्हा हुंगणं झालं. तिसऱ्या खेपेला भांडं सुटलं. मग इडलीपात्राची पाळी. त्यात एरवी उडीद शिजतो! तेही चिंच लावून घासलं.

खरी गोम उडदातच आहे. उडदाच्या डाळीला एक बुळबुळीत चिकटपणा असतो. पीठ आंबताना सुटलेला वायू तो धरून ठेवतो, म्हणून इडली फुगते. वरीच्या अंगी हा गुण नाही आणि उडीद तर उपवासाला वर्ज्य. म्हणजे इडली एकसंध राहायची ती साबुदाण्याच्या जिवावर. त्यात बाहेर आषाढाचा पाऊस. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीकडे चढत होती. पीठ मात्र पातेल्यात होतं तिथंच.

"आत्या, खायचा सोडा चालतो का हो उपवासाला?"

"सोडा म्हंजे धान्य का फळ?"

"दोन्ही नाही."

"मग कसा चालंल?"

"मीठ तरी कुठं फळ आहे?"

"म्हणून तर सैंधव घालतोय न्हवं."

यावर वरचं कोर्ट नाही. लेक मात्र मोबाईल घेऊन वकिलीला उभी राहिली. "आजी, बटाटा, मिरची, शेंगदाणा, साबुदाण्याचा कंद, सगळं मुळात अमेरिका खंडातलं आहे. ते तुला चालतं. हळद आपल्या सांगलीच्या बाजारातली, ती चालत नाही. असं कसं?"

आत्या शांतपणे वाती वळत म्हणाल्या, "एवढ्या लांबनं आलीत ती बिचारी. त्यांस्नी नको कसं म्हणायचं?"

शेवटी तोडगाही त्यांनीच काढला. "मी जरा देवाकडं तोंड करून बसते. तुला काय घालायचं ते घाल."

मी चिमूटभर सोडा घातला, घाईनं ढवळलं, तूप लावलेल्या साच्यांत पीठ ओतलं आणि पंधरा मिनिटं वाफवलं. या पंधरा मिनिटांत आत्यांनी मान वळवली नाही, पण "वास येतोय गं," "झाकण उघडू नको," "चटणीत जिरं घाल, मोहरी नको," असे तीन हुकूम तिकडूनच सुटले. झाकण काढलं. इडल्या बसक्या होत्या खऱ्या, पण साच्यातून अख्ख्या सुटल्या. मला तेवढंच पुरे होतं.

मामंजी दुपारी नंदवाळच्या दिंडीतून चिंब भिजून आले. दह्यात इडल्या कुस्करून, वर शेंगदाण्याची आमटी ओतून त्यांनी सहा इडल्या संपवल्या आणि ढेकर देऊन म्हणाले, "भात झकास झालाय आज."

संध्याकाळी आत्या इचलकरंजीच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. "अगं, इडली केली उपवासाची. काय अवघड न्हाई. भांडं तेवढं सवळं पाहिजे आणि दही आंबट. सोडा? छे, सोडा कशाला लागतोय! कामिका एकादशीला ये की, सूनबाई करंल."

मावशी येणार आहेत. त्यांना उपवासाला साबुदाणा चालत नाही.