मुख्याध्यापकाचा आत्मविश्वास कुठून येतो?

गेली चार वर्षे मी जिल्हा परिषदेच्या एका प्राथमिक शाळेचा प्रभारी मुख्याध्यापक आहे. म्हणजे चौथीचा वर्ग घेऊन उरलेल्या वेळात शाळा सांभाळतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेचा पट १५० च्या वर गेल्याशिवाय मुख्याध्यापकाचे वेगळे पद मिळत नाही. आमचा पट ६२ आहे, त्यामुळे सेवाज्येष्ठ म्हणून चार्ज माझ्याकडे आला. तो हवा आहे का, हे कोणी विचारले नाही.

मागच्या महिन्यात नेतृत्वविकासाचे प्रशिक्षण झाले. ‘तुम्ही ठरवलेत तर शाळा बदलू शकता’ असे व्याख्याते सांगत असताना, यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर आधीच भरलेली माहिती ‘तात्काळ’ पुन्हा पाठवण्याचा निरोप सभागृहातल्या बहुतेकांच्या मोबाइलवर येऊन पडला. अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये स्वक्षमतेच्या विश्वासाचे, म्हणजे ‘हे मला जमेल’ या खात्रीचे, चार स्रोत मांडले होते. इतरांनी दिलेला धीर हा त्यांपैकी एक खरा, पण सर्वांत बळकट स्रोत म्हणजे आपण स्वतः तडीस नेलेले काम. आम्हाला धीर भरपूर मिळतो. काम तडीस नेण्याची मोकळीक मात्र मिळत नाही.

ती एकदा मिळाली होती, म्हणून हे लिहितो. पहिल्या वर्षी शाळा व्यवस्थापन समितीत आम्ही ठरवले की जेवणानंतर अर्धा तास चौथीच्या मुलांनी दुसरीच्या मुलांना व्हरांड्यात वाचायला बसवायचे. पहिला आठवडा फुकट गेला, कारण मोठी मुलेच घडाघडा वाचत आणि लहानगी जांभया देत. मग नियम केला, पुस्तक लहानाच्या हातात राहील आणि त्याने विचारल्याशिवाय मोठ्या मुलाने बोलायचे नाही. वर्षभर तोंड न उघडलेला एक मुलगा दिवाळीआधी अक्षराखाली बोट धरून एक पूर्ण पान वाचून गेला. त्या दिवसांत मी शाळेत अर्धा तास आधीच पोहोचत असे, आणि घरी त्याची चेष्टाही होत असे.

कागदपत्रांविषयी माझी सरसकट तक्रार नाही. दर मुलामागे १०० ग्रॅम तांदळाचा हिशेब चोख हवाच, कारण त्या आकड्यामागे एका मुलाचे ताट असते. पण पुढे त्याच अर्ध्या तासात वरून आलेला उपक्रम बसला, आणि तो वेळ फोटो काढून ‘अपलोड’ करण्यात जाऊ लागला.

परवा समितीच्या बैठकीत एका आईने विचारले, “गुरुजी, ते पोरांचं वाचन का हो बंद केलं?” तिला सांगायला माझ्याकडे ‘वरून आलंय’ एवढेच दोन शब्द होते.