समुद्रकाठचं शहर कसं चालवावं

समुद्रकाठच्या शहराचा कारभार तुमच्या हाती आलाय? अभिनंदन. इतर शहरांना चारही दिशांनी गिऱ्हाईक मिळतं. तुमच्या अर्ध्या बाजूला मासे राहतात आणि त्यांची क्रयशक्ती बेताचीच. हरकत नाही. उरलेल्या बाजूने जे पाहुणे येतील, त्यांच्या भरवशावर अख्खं शहर सोडून द्या.

पाहुणे सीझनपुरते येतात. पोट बारमाही असतं, पण ती ज्याची त्याची खासगी बाब. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या ब्लॅकपूलला 1846 मध्ये रेल्वे आली, मागोमाग गर्दी लोटली. पुढे स्वस्त विमानांनी तीच गर्दी उचलून स्पेनच्या उन्हात नेऊन ठेवली. ओस पडलेल्या लॉजेसच्या खोल्या मग ज्यांना दुसरीकडे कुठेच परवडत नाही, त्यांना भाड्याने गेल्या. खोली भरली ना? मग झालं.

तरी तिजोरी रिकामी दिसली, तर भव्य प्रकल्प आणा. अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीने पहिला कॅसिनो 1978 मध्ये उघडला. शेजारच्या राज्यांना ही अक्कल सुचणारच नाही, असं धरून चालायचं असतं. त्यांना ती सुचली. 2014 या एका वर्षात तिथले चार कॅसिनो बंद पडले. त्यातला ‘रेव्हल’ दोन अब्जांहून जास्त डॉलर ओतून जेमतेम दोन वर्षांपूर्वी उघडला होता. फीत मात्र तुम्हीच कापा. कुलूप लावायला पुढचे येतील.

घरांच्या बाबतीत भावुक होऊ नका. इंग्लंडमधल्या सेंट आयव्हसच्या रहिवाशांनी 2016 मध्ये मतदान करून ठरवलं, की नवं घर कायम राहणाऱ्यालाच मिळावं, सुट्टीपुरतं येणाऱ्याला नाही. असले हट्ट वेळीच मोडा. सीझन संपल्यावर धक्क्यामागच्या गल्लीत एक चक्कर मारा: दाराशेजारी पाहुण्यांसाठी किल्लीची आकडेवाली डबी, खिडकीत शोभेची लाकडी होडी, आत अंधार. खरी होडी चालवणारा तासभर लांब भाड्याने राहतो. पहाटे बंदरावर पोचायला त्याला बस नाही, कारण पाहुणे इतक्या लवकर उठत नाहीत.

त्याची पोरं शिकली की शहर सोडतीलच. जाऊ द्या, तेवढाच शाळेचा खर्च वाचेल. निवृत्त मंडळी येतील. त्यांना डॉक्टर लागतो, हे मात्र जाहिरातीत छापू नका.

आणि फारच ओरड झाली, तर अभ्यास समिती नेमा. तिची बैठक ऐन सीझनमध्ये ठेवा. एरवी हॉटेलं बंद असतात.