बोटाला थुंकी आणि विहीणबाईंचे पूर्वज

"मॅम, इथे आपण बोट चाटत नाही."

गेल्या गुरुवारी हे वाक्य मला ऐकून घ्यावं लागलं. माझं वय एकसष्ट. बँकेतून रिटायर झालेली, त्यातली निम्मी वर्षं कॅश काउंटरवर, पुढ्यात ओल्या स्पंजची डबी. स्पंज वाळला असेल तर बोट जिभेकडे जातं, मी ते नेत नाही, ते आपलं जातं. आणि सांगायचं तर हळूच सांगावं ना, पण त्या आजोबांना कानाला कमी ऐकू येतं आणि ज्यांना कमी ऐकू येतं ते सगळ्या जगाला कमी ऐकू येतं असं धरून चालतात, त्यामुळे खोलीतली होती नव्हती ती सगळी डोकी वर झाली. मी बोट तसंच अधांतरी धरून बसले.

तर झालं असं की सध्या मी लेकीकडे आहे, मॅसॅच्युसेट्सला. जावई तिकडचे. विहीणबाई जवळच राहतात, स्वभावाने चांगल्या आहेत (माझ्या नावाचं जे करतात ते सोडून), आणि त्यांना घराण्याचा इतिहास शोधायचा नाद आहे. जुन्या कागदांवरचं अक्षर त्यांना लागत नाही, आणि मी आयुष्यभर लोकांच्या चेकवरचे कोंबडीचे पाय वाचलेत हे लेकीने त्यांना कौतुकाने सांगून ठेवलं. गेले.

आता विहीणबाईंचं दुःख काय आहे ते सांगते. त्यांचे मूळपुरुष १६३० च्या दशकात इंग्लंडहून आले. १६२० ते १६४० या वीस वर्षांत साधारण वीस हजार माणसं न्यू इंग्लंडात उतरली, त्यातलेच हे. कुणालाही पुरे झालं असतं. पण बाईंना मेफ्लॉवर पाहिजे. मेफ्लॉवर म्हणजे १६२० चं ते जहाज, एकशे दोन प्रवासी, त्यातले निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले, आणि उरलेल्यांचे वंशज म्हणून मिरवायला १८९७ पासून एक सोसायटी आहे. मेंबर व्हायचं तर आपल्यापासून त्या प्रवाशापर्यंत एकेका पिढीचा जन्म, लग्न, मृत्यू कागदाने जोडून दाखवायचा. विहीणबाई एका पिढीशी येऊन अडकल्यात. तिथे एक मेरी आहे. मेरीचा नवरा सापडलाय, त्याचा बाप सापडलाय, त्याच्या बापाची डुकरंसुद्धा सापडलीत. मेरीचं माहेर सापडत नाही. विहीणबाईंचा संशय असा की मेरी मेफ्लॉवरवाल्यांच्या घरातली. कागदावर मात्र नुसतं 'मेरी' आणि पुढे एक आडवी रेघ. चार वर्षं त्या रेघेवर बाई अडून बसल्यात.

तर गुरुवारी आम्ही गावच्या लायब्ररीच्या तळघरातल्या इतिहासाच्या खोलीत गेलो. दारातच हे आजोबा. गॅलिस लावलेली पँट, गळ्यात भिंग, पगार नाही, स्वेच्छेने येऊन बसतात. बिनपगारी माणूस नियमाला किती कडक असतो हे ज्यांनी सोसायटीच्या कमिटीत काम केलंय त्यांना सांगायला नको. आधी माझं पेन काढून घेतलं. आत शाई चालत नाही, फक्त पेन्सिल. पेन्सिल त्यांनीच दिली, करंगळीएवढी, मागे रबर नाही. मग पर्स कपाटात ठेवायला सांगितली. मग म्हणाले हात धुऊन या. मला वाटलं हातमोजे देतील, सिनेमात देतात तसे, तर म्हणे नाही, कागदाला मोज्यांपेक्षा स्वच्छ कोरडे हात बरे, मोज्यात बोटांना कागदाचा अंदाज येत नाही आणि पान फाटतं. पटलं मला. पण धुऊन आल्यावर "वाळले ना?" म्हणून हात उलटेसुलटे करून बघितले हो. आमच्या आजीचं सोवळंसुद्धा एवढं नव्हतं, ती निदान नातेवाइकांना तरी शिवू द्यायची.

आणि मग रजिस्टर. त्यात नाव, गाव, कुठल्या घराण्याचा शोध घेताय वगैरे रकाने. विहीणबाई फोनवर बोलत बाहेर राहिल्या होत्या, मी एकटी.

"तुमचे कधी आले?" आजोबांनी विचारलं.

"बावीस तारखेला," मी म्हटलं.

"नाही, वर्ष कोणतं?"

"हेच."

आजोबा थांबले. "फॅमिली आली ते?"

"मी एकटीच आलेय. मिस्टर मागाहून येणारेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं."

"आणि जहाज?"

"दुबईवरून."

हल्लीच्या हवेत इथे कुणी 'कधी आलात, कशाने आलात' विचारलं की आपल्या लोकांच्या पोटात गोळा येतो, खोटं कशाला सांगू. मला वाटलं चौकशी चाललीय. मी कपाटातली पर्स परत मागितली, त्यातून पासपोर्टची झेरॉक्स आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स काढून त्यांच्यापुढे ठेवली. आजोबांनी भिंग लावून ती नीट बघितली आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "ही कॉपी आहे. मूळ कागद नाही."

तेवढ्यात विहीणबाई आल्या आणि कोडं उलगडलं. आजोबांना माझे पूर्वज कोणत्या साली कोणत्या जहाजाने अमेरिकेत उतरले ते पाहिजे होतं. साडी नेसलेल्या बाईला. मी म्हटलं माझे पूर्वज कुठे उतरलेच नाहीत, ते होते तिथेच आहेत. तर त्यांनी रजिस्टरमध्ये माझ्यापुढे 'गेस्ट' असं लिहिलं. पेनने. त्यांना पेन चालतं.

मग त्यांनी स्वतःचं सुरू केलं. त्यांच्या घराण्यात म्हणे तीन भाऊ आले, एक इथेच राहिला, एक दक्षिणेला गेला, एक पश्चिमेला गेला तो परत दिसला नाही. मला हसू आलं, कारण आमच्या सासरीही हेच. कोकणातून तीन भाऊ निघाले, एक देशावर, एक वऱ्हाडात, एक बडोद्याला. दोन भाऊ किंवा पाच भाऊ कुठून निघाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. विहीणबाईंनी नंतर गाडीत सांगितलं की या शोधाशोधीतले जाणते लोक 'तीन भाऊ' ऐकलं की हाताची घडी घालून बसतात. पैसेवाल्यांना पाहिजे तशी वंशावळ करून देणारेसुद्धा होऊन गेलेत, गुस्ताव्ह आंजू म्हणून एक होता, शंभरेक वर्षांपूर्वीचा, त्याने खोटी मृत्युपत्रं, खोट्या नोंदी घालून श्रीमंतांची घराणी रचून दिली आणि ती छापील पुस्तकं अजून लोकांना चकवतात. पण हे मला आजोबांसमोर माहीत असायला हवं होतं.

तुमची नोंद किती मागे जाते, असं त्यांनी विचारल्यावर मी नाशिक सांगितलं. म्हटलं आमचे वडील गेले तेव्हा गोदावरीवर गेलो होतो, तिथल्या उपाध्यांना गाव आणि आडनाव सांगितलं, त्यांनी लाल फडक्यात बांधलेली लांबट वही सोडली आणि आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ, कोण कधी कशासाठी आलं ते घडाघडा वाचलं.

"कोणत्या आर्काइव्हमध्ये आहे ही वही?"

"त्यांच्या घरी. फडताळात."

"इंडेक्स?"

"ते स्वतःच."

"अच्छा," आजोबा म्हणाले, "म्हणजे ती परंपरा झाली. पुरावा नव्हे."

ह्या 'परंपरा'चा मला आला राग. वही आहे, सही आहे, तारीख आहे आणि ही परंपरा, आणि यांचे तीन भाऊ? आणि आता खरं सांगते, त्या नाशिकच्या उपाध्यांनी दर पानाला बोटाला थुंकी लावली होती. त्यांच्या बापानेही लावली असणार. वहीला काही झालेलं नाही.

पण आजोबांना शह द्यायची संधी आलीच होती, मीच घालवली. त्यांच्या तिथल्या जुन्या नोंदवहीत एक मूल सापडलं, जन्म डिसेंबर १६९०, मृत्यू जानेवारी १६९०. मी म्हटलं ही चूक आहे, जन्मायच्या आधी कसं जाईल. आजोबांचा चेहरा असा उजळला की आठवडाभर ते याच प्रश्नाची वाट बघत बसले होते. म्हणे त्या काळी इंग्रजांचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, जानेवारी जुन्याच वर्षात मोजायचे, म्हणून मूल महिनाभराचं होऊन गेलं. मी म्हटलं, म्हणजे तुमचा पाडवाच. मग म्हणाले १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं, २ सप्टेंबरला झोपले ते १४ ला उठले, अकरा दिवस गायब. मी म्हटलं एवढंच? आमच्या पंचांगात तिथीचा क्षय होतो, महिना अधिक येतो, आणि बाकीची माणसं चतुर्थी कधी म्हणून भिंतीकडे बघत राहतात, कुणी बोभाटा करत नाही. आजोबा म्हणाले, "इंटरेस्टिंग." इथे इंटरेस्टिंग म्हणजे 'पुरे आता', हे मला लेकीने पहिल्याच ट्रिपला शिकवलंय.

नावांचीही एक गंमत. विहीणबाई ज्या जहाजासाठी जीव टाकतात त्यावर ब्रूस्टर नावाचे एक मोठे गृहस्थ होते, त्यांच्या बरोबरच्या दोन मुलांची नावं लव्ह आणि रेसलिंग. मुली पेशन्स आणि फिअर, त्या तीन वर्षांनी दुसऱ्या जहाजाने आल्या. म्हणजे प्रेम आणि कुस्ती पुढे, धीर आणि भीती मागाहून. याला मी हसले तर आजोबा हसले नाहीत, त्यांच्या घराण्यात सायलेन्स आणि सबमिट नावाच्या बायका आहेत. गप्प आणि शरण. मुलींचीच ही नावं, बरं का. आपल्याकडे नकुशा आहेत, त्यामुळे मीही जास्त बोलले नाही.

तर थुंकीचा प्रसंग झाला तो मृत्युपत्राच्या वेळी. मेरीच्या नवऱ्याचं मृत्युपत्र आणि घरातल्या मालमत्तेची यादी. अक्षर खरंच वाईट होतं पण वाईट अक्षर म्हणजे माझं माहेर, मी भराभर वाचून सांगत होते आणि विहीणबाई पेन्सिलने उतरवत होत्या. लोखंडी हंडा, वजनासकट. पिसांची गादी. एक जुनी गाय, एक दुसरी गाय, डुकरं. गायींच्या खाली एक काळा पोरगा, नुसतं पहिलं नाव आणि पुढे पौंडात किंमत. मी वाचायची थांबले. आजोबा म्हणाले, त्या काळी इकडेही असायचं, पुढे वाचा. विहीणबाईंनी ते नाव लिहून घेतलं, एवढं त्यांच्याबद्दल सांगायला हवं.

पुढे 'माझी प्रिय पत्नी मेरी'. तिला काय, तर हयात असेतो तिसरा हिस्सा, घरातली पश्चिमेची खोली, भट्टी वापरायची मुभा आणि विहिरीपर्यंत जायची वाट. म्हणजे ज्या घरात बाईने जन्म घालवला तिथल्या विहिरीवर जायला मुलाने आडकाठी करू नये म्हणून कागद करावा लागत होता. हंड्याचं वजन आहे, डुकरांचा आकडा आहे, बाईचं आडनाव नाही. पुढची अमेरिकेची पहिली शिरगणती १७९० ची, त्यात तर घरातल्या कर्त्याचंच नाव, गोऱ्या पुरुषांचे सोळाच्या वरचे आणि खालचे असे दोन रकाने आणि गोऱ्या बायका सगळ्या मिळून एका रकान्यात, आकडा. म्हातारी काय, तान्ही काय. मला एवढा चेव आला की पुढच्या पानावर तरी मेरीच्या बापाचं नाव असेल म्हणून घाईघाईने बोट जिभेला लावलं, आणि तेव्हाच ते "मॅम".

पुढच्या पानावर काही नव्हतं.

घरी आल्यावर विहीणबाईंनी जेवताना तो किस्सा साभिनय सांगितला. जावई हसले, ठीक आहे, त्यांची आई. लेक हसली ते लागलं. "आई, तू पण ना!" म्हणाली. मी काय पण ना? रात्री भांडी घासताना मला उत्तर सुचलं, नेहमीप्रमाणे. आजोबांना म्हणायला हवं होतं, तुमच्या मॅसॅच्युसेट्सचा गॉर्डन हॉल १८१३ साली आमच्या मुंबईत उतरला, मराठी शिकला, नाशिककडे फिरतीवर असताना १८२६ मध्ये कॉलऱ्याने गेला, आम्ही त्याला विचारलं का तुझं जहाज कोणतं? (विचारलं होतं म्हणा. कंपनी सरकार त्याला हाकलून द्यायच्याच बेतात होतं. पण ते इंग्रज.)

आणि एक जे मी त्या रात्री कुणाला सांगितलं नाही. सासरचा कुलवृत्तांत निघाला तेव्हा माहिती गोळा करणारे गृहस्थ आमच्याकडे दोनदा आले होते. बाहेरच्या खोलीत सासऱ्यांशी बसून लिहून घेत होते. दोन्ही वेळा साबुदाण्याची खिचडी मी केली, दोन्ही वेळा चहा मी नेऊन दिला, दुसऱ्यांदा त्यांनी खिचडी परत मागून घेतली. पुस्तक छापून आलं, जाडजूड, सोनेरी अक्षरं. आमच्या शाखेत ह्यांचं नाव, शिक्षण, नोकरी, अगदी स्कूटरसुद्धा. माझ्यापुढे: 'माहेर: माहिती उपलब्ध नाही.'

स्वयंपाकघरात उपलब्ध होती.

विहीणबाई परवा पुन्हा जायचं म्हणतायत, दुसऱ्या गावच्या चर्चच्या नोंदी आहेत म्हणे, मेरीचा बाप्तिस्मा तिकडे सापडेल. जाईन मी. अक्षर त्यांना लागत नाही आणि आता त्या मेरीने माझंही डोकं खाल्लंय. फक्त जाताना आधी त्या तळघराशी गाडी थांबवायला सांगणारे. माझं पेन त्यांच्याकडेच राहिलंय. लेक म्हणते इथे डॉलरला चार मिळतात. पण ते जेलचं होतं, निघताना पुण्याहून दहाचं पाकीट आणलं होतं, आणि करंगळीएवढी ती त्यांची पेन्सिल तेवढी चुकून माझ्या पर्समध्ये आलीय.