जन्मठेप सात वर्षांत संपते म्हणे!

खुनाच्या एखाद्या गाजलेल्या खटल्याचा निकाल लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेला मेसेज फिरू लागतो: ‘जन्मठेप म्हणजे 14 वर्षं. त्यात तुरुंगात दिवस वेगळा, रात्र वेगळी मोजतात. सात वर्षांत गडी बाहेर!’ चांगले शिकलेसवरलेले लोकही तो पुढे ढकलतात.

दिवस-रात्रीचं आधी उरकू. असा नियमच नाही. तुरुंगातही दिवस 24 तासांचाच असतो.

आता 14 वर्षं. हा वाद जुना आहे. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेला गोपाळ गोडसे सर्वोच्च न्यायालयात गेला तो असाच हिशेब घेऊन: चांगली वर्तणूक, व्यायाम, शिक्षण वगैरेंबद्दल मिळालेली अडीच हजारांहून जास्त दिवसांची माफी धरा, माझी 20 वर्षं भरली, सोडा. 1961 मध्ये न्यायालयाने सांगितलं, जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. शिक्षेत सूट द्यायची की नाही हे सरकार ठरवेल. 1964 मध्ये तो सुटला तेही सरकारने सोडलं म्हणून.

मग 14 आले कुठून? काही राज्यांत खुनी फार लवकर सुटू लागले, म्हणून 1978 मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 433अ घातलं: ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली, तर प्रत्यक्ष 14 वर्षं भोगल्याशिवाय सुटका नाही. माफीचे दिवस यात धरायचे नाहीत. म्हणजे लवकर सुटू नये म्हणून घातलेला अडसर लोकांनी सुटकेची तारीख करून टाकला! त्या संहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम 475 आहे. आणि गोडसेने धरलेला वीस वर्षांचा आकडा? तो कायद्यात आहे फक्त शिक्षेचा अंश काढायला. जन्मठेपेच्या निम्मे म्हणजे 10 वर्षं, एवढाच त्याचा उपयोग.

‘पॅरोलवर निम्मा वेळ घरीच असतात’ हीदेखील एक पुस्ती असते. गोव्यातल्या कैद्यांनी पॅरोलचे दिवस 14 वर्षांत धरा म्हणून मागणी केली होती. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली.

चौदा वर्षं भरली की फार तर फाइल हलते. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत घेतात, राज्याचं धोरण बघतात. महाराष्ट्रात गुन्ह्याच्या प्रकारानुसार वर्ग पाडलेत, आणि काही वर्गांना चौदाच्या कितीतरी पुढे थांबावं लागतं.

ही फाइल चुकीच्या टेबलावरूनही सुटते, हे मात्र खरं. बिल्किस बानो प्रकरणातले 11 जण ऑगस्ट 2022 मध्ये गुजरात सरकारने सोडले. खटला मुंबईत चालला होता, त्यामुळे अधिकार महाराष्ट्राचा होता. जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली आणि सगळे पुन्हा आत गेले. राग काढायचाच तर अशा आदेशांवर काढा, तो रास्त आहे.

शिवाय 2008 पासून, आणि 2015 च्या घटनापीठानंतर तर ठामपणे, उच्च आणि सर्वोच्च न्यायालय ‘इतकी वर्षं सूट नाही’ किंवा ‘मरेपर्यंत कैद’ असं निकालातच लिहू शकतं. मेसेज पुढे ढकलण्याआधी त्या निकालाचं शेवटचं पान तरी उघडून बघा.