नफ्याच्या हिशेबात न आलेला खर्च

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातून व्हर्जिनियात जाणाऱ्या ‘माउंटन व्हॅली’ या ३०३ मैलांच्या नैसर्गिक वायूच्या वाहिनीचा खर्च साडेतीन अब्ज डॉलरवरून सुमारे ७.८५ अब्जांवर गेला, याचे खापर या प्रकल्पावरील लेखात लेखकाने न्यायालयीन खटल्यांवर फोडले आहे, ते मला पटत नाही. अॅपलाचियन डोंगरांच्या तीव्र उतारांवर ४२ इंच व्यासाच्या नळासाठी चर खणले की पावसात माती ओढ्यांत उतरणारच. रोआनोक लॉगपर्च हा दुर्मीळ मासा नाकाने गोटे उलटवून त्यांखालचे किडे खातो. त्या गोट्यांवर गाळ बसला की त्याचे अन्नच हिरावले जाते. माती ओढ्यांत जाऊ न देण्याच्या नियमांच्या अशा उल्लंघनांबद्दल व्हर्जिनियाने २०१९ मध्ये २१.५ लाख डॉलर दंड आकारला, म्हणजे प्रकल्पखर्चाच्या हजारावा हिस्साही नाही. एवढ्या रकमेत कोणता ओढा पूर्ववत होणार?

कार्बनचा हिशेब तर लेखात नाहीच. रोज दोन अब्ज घनफूट वायू वाहिला आणि तो सगळा जळला, तर वर्षाला सुमारे चार कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२३ मध्ये मांडलेला टनामागे १९० डॉलर हानीचा दर लावला, तर हे नुकसान साडेसात अब्जांच्या घरात जाते. वाहिनी बांधायला लागले जवळजवळ तेवढेच, आणि तेही दरवर्षी. (गळणाऱ्या मिथेनची भर यात धरलेलीच नाही.) हा वायू कोळशाची जागा घेतो तिथे त्यातून वजावट जरूर करावी, पण ती आकड्यांनिशी दाखवावी.