मागच्या दाराचा रंग जुळत नाही, या तक्रारीस आमचे उत्तर

आदरणीय ग्राहक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या 2005 सालच्या चंदेरी मारुती एस्टीमचे डावीकडचे मागचे दार उसाच्या ट्रॉलीने घासले गेले होते, ते आम्ही गेल्या महिन्यात ठोकून, रंगवून दिले. त्यावर आपण लिहिले आहे की कंपनीचा रंगाचा कोड देऊनही दार जुळलेले नाही, रंकाळा तलावावर उन्हात गाडी उभी केली की ते दुसऱ्याच गाडीचे काढून बसवल्यासारखे दिसते, गाडी मुद्दाम अंधार पडल्यावर ताब्यात दिली आणि एका दारासाठी तीन पॅनेलचा (गाडीच्या पत्र्याच्या तीन भागांचा) खर्च सांगून आम्ही बिल फुगवू पाहत होतो. यांतली अंधाराची तक्रार, 'मुद्दाम' हा शब्द वगळता, आम्हाला पूर्ण मान्य आहे.

आपल्या घरी लग्नकार्य होते आणि गाडी त्याच दिवशी हवी होती, हे खरे. पण शेड जुळली की नाही याची शेवटची पाहणी आम्ही सूर्य मावळल्यावर ट्यूबलाइटखाली केली, ही चूक आमचीच. वेगवेगळ्या रंगद्रव्यांपासून बनलेल्या दोन शेड एका उजेडात अगदी सारख्या दिसतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळ्या पडतात, हे या धंद्यात नवा आलेला मुलगाही पहिल्या वर्षात शिकतो. गाडी सकाळपर्यंत थांबवून ठेवायला हवी होती आणि आपण रागावला असतात तरी तसे स्पष्ट सांगायला हवे होते.

कोडचे मात्र थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. कोड पाहून कारखान्यातून गाडी कोणत्या रंगात निघाली ते कळते. आज ती कोणत्या रंगाची आहे ते कळत नाही. मुळात कारखान्यातही प्रत्येक खेपेचा रंग तंतोतंत सारखा निघत नाही, म्हणून रंग बनवणाऱ्या कंपन्या एकाच कोडसाठी थोडी पिवळट, थोडी गडद, थोडी जाड दाण्याची अशा अनेक पोटशेड ठेवतात. त्यात आपली गाडी इतकी वर्षे उघड्यावर उभी राहिलेली आहे. गाडी पहिल्या दिवशी आणली तेव्हा आमच्या कारागिराने पेट्रोलच्या झाकणाची आतली बाजू पुसून आपल्याला दाखवली होती, ते आठवत असेल: आत निळसर झाक असलेली स्वच्छ चांदी आणि बाहेर, रबिंग करून मळ काढल्यावरही, जुन्या क्लिअर कोटमुळे (रंगावरच्या पारदर्शक थरामुळे) आलेला पिवळसरपणा. कोडप्रमाणे बनवलेला रंग त्या आतल्या भागाशी जुळला; गाडीशी नाही. म्हणून टिंटर (छटा बदलण्यासाठी मिसळायचे रंग) थेंबाथेंबाने घालत आम्ही तीन नमुना-पत्रे मारले आणि तिसरा पसंत केला. तो समोरून जुळतही होता.

अडचण बाजूने पाहताना आहे. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात आणि ते थरात कसे बसतात त्यावर उजळपणा ठरतो. स्प्रे गनमधून थर कोरडा बसला तर तोच रंग फिकट दिसतो, ओला बसला तर गडद. त्यामुळे डबा एकच असला तरी हाताचा वेग, हवेचा दाब आणि थिनरचे प्रमाण बदलले की शेड बदलते. आपल्या दाराचा फोटो आम्ही नीट पाहिला. पुढून फरक थोडा आहे, पण मागच्या चाकाकडून पाहिले की दार काळपट पडते. थर हवा तसा बसला नसावा, असा आमचा अंदाज आहे.

बिल फुगवण्याचा आरोप मात्र आम्ही नम्रपणे अमान्य करतो. तीन पॅनेल म्हणजे तीन पॅनेल पूर्ण रंगवणे नव्हे. मागच्या दारावर पूर्ण रंग, तिथून पुढच्या दारावर आणि मागच्या पॅनेलवर तो विरळ करत नेऊन संपवायचा आणि मग त्या दोन्हींवर फक्त क्लिअर कोट पूर्ण मारायचा, असे ते काम असते. दाराच्या सरळ फटीशी दोन शेड अचानक भेटल्या की नजर लगेच अडकते. तोच फरक दोन फुटांत हळूहळू विरला तर सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. जुन्या मेटॅलिक रंगासाठी याहून खात्रीचा मार्ग आम्हाला माहीत नाही. हे सगळे आपल्याला समोर बसवून सांगायला हवे होते. आम्ही फोनवर 'तीन पॅनेल होतील' एवढेच बोललो आणि आपण नकार दिल्यावर निमूटपणे एकच दार मारले. ग्राहकाला संशय यावा असेच ते बोलणे होते.

आता हे काम आम्ही वर सांगितलेल्या पद्धतीने पुन्हा करून देऊ आणि त्याचा सर्व खर्च आमचा राहील. मागचा बंपर यात धरलेला नाही. तो प्लास्टिकचा असल्याने त्याचा रंग पत्र्यापेक्षा आधीपासूनच किंचित वेगळा आहे आणि तो ट्रॉलीने घासलेलाही नाही. कोणत्याही कामाच्या दिवशी सकाळी गाडी आणावी. आणण्याआधी तिच्यावर सिलिकॉनचे पॉलिश मारू नये, कारण त्याचा अंश राहिला तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे बारीक खड्डे पडतात. गाडी तीन दिवस आमच्याकडे राहील आणि चौथ्या दिवशी सकाळी ती वर्कशॉपच्या छपराबाहेर उन्हात काढून, आपण चारी बाजूंनी पाहून होकार दिल्यावरच चावी आपल्या हातात देऊ.

आपला नम्र,
वर्कशॉप मालक, कोल्हापूर