टिळकांचं दुसरं पाऊल

रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या बाप्तिस्म्याची गोष्ट आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, पुष्कळांना तोंडपाठ आहे. राजनांदगावला जाताना आगगाडीत हाती आलेला बायबलचा नवा करार, त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने घेतलेला मनाचा ठाव, आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत झालेला बाप्तिस्मा. मला मात्र 1917 साल जास्त अस्वस्थ करतं.

तोवर अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांची वीसेक वर्षं गेली होती. पगार होता, मान होता, कवी म्हणून नाव होतं. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी तो पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. मे 1919 मध्ये टिळक प्रभूकडे गेले. दरबाराला जेमतेम दोन वर्षं मिळाली. म्हणून ते पाऊल चुकलं का? मी तसं अजिबात मानत नाही. अब्राहामसुद्धा कुठे जायचं हे ठाऊक नसतानाच निघाला होता.

आज एखादा तरुण म्हणतो, “प्रभू मला इथून हलवतोय, पण कुठे ते कळत नाही.” आपण लगेच विचारतो, पुढे काय करणार? घर कसं चालणार? प्रश्न रास्त आहेत, पण पाचारण, म्हणजे देवाची हाक, ओळखण्याआधीच ते गळा दाबतात.

घाईही नको, हे तितकंच खरं. बायबलमधल्या गणना पुस्तकाच्या 9व्या अध्यायात देवाचा मेघ निवासमंडपावर, म्हणजे उपासनेच्या तंबूवर, कधी दोन दिवस, कधी महिनाभर, कधी त्याहूनही जास्त थांबे, आणि तोवर इस्राएल लोक तळ हलवत नसत. तेही आज्ञापालनच होतं.

आणि घरच्यांना फरफटत नेऊ नका, हे मी हात जोडून सांगते. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवऱ्याकडे परत आल्यावरही त्या सोवळं पाळत राहिल्या, आणि 1900 मध्ये स्वतःच्या विश्वासाने बाप्तिस्मा घेतला. त्या पाच वर्षांतली त्यांची वाट टिळकांच्या वाटेपेक्षा सोपी नव्हती. साक्ष देताना आपण तिच्यावरून भरभर पुढे जातो, याचं मला वाईट वाटतं.

पाळकांना एकच विनंती. तुमच्या मंडळीत कुणी अशा वळणावर असेल, तर ‘आधी ठरव, मग ये’ म्हणून त्याच्याकडची संडेस्कूलची किंवा गायनाची सेवा काढून घेऊ नका. त्याच्या घरी जा, त्याच्याबरोबर प्रार्थनेला बसा, आणि त्या दिवशी त्याच्याकडून उत्तर मागू नका.